आजाराआधीचा आकडा

तपासनीस गोड बोलत होता आणि तेच सिस्टरना खटकत होतं. ओरडणाऱ्या माणसांचं त्यांना काही वाटत नसे. अर्धं आयुष्य वॉर्डात काढलेल्या बाईला आरडाओरड्याची काय मातब्बरी? पण हा गृहस्थ सकाळपासून ‘कृपया’ आणि ‘आभारी आहे’ करत एकेक फाइल मागवत होता. दुपारी त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा चढवला आणि एका रकान्यावर बोट टेकवलं.

“सिस्टर, हे सगळ्यांचं सारखंच कसं?”

रकाना साधा होता. आजारी पडण्याआधी, धडधाकट असताना, दिवसातून किती वेळा शौचाला जावं लागायचं? त्या प्रश्नापुढे वरपासून खालपर्यंत, बाई असो की बाप्या, म्हातारा असो की कॉलेजातली पोर, एकच उत्तर होतं. एक.

औषध आतड्याच्या दुखण्यावरचं होतं. अल्सरेटिव्ह कोलायटिस असं त्या दुखण्याचं भारदस्त नाव. दुखणं स्वतः मात्र जराही भारदस्त नाही. मोठ्या आतड्याला आतून व्रण पडतात, रक्त जातं, आणि माणूस कुठंही गेला तरी आधी संडास कुठं आहे ते बघून ठेवतो. नवं औषध गोळीचं नव्हतं. ते जिवंत पेशींमध्ये वाढवायचं, फ्रिजमध्ये जपायचं आणि सुईनं द्यायचं, म्हणून त्याला जैविक औषध म्हणत. बऱ्याच दवाखान्यांत त्याची चाचणी झाली होती. कुणाला खरं औषध, कुणाला नुसतं मिठाचं पाणी, आणि कुणाला काय मिळतंय ते कुणालाच ठाऊक नाही. आता कंपनीनं मंजुरीसाठी अर्ज केला होता, आणि मंजुरी देण्याआधी औषध खात्यानं काही केंद्रं पारखायला घेतली होती. त्यांत हे केंद्र आलं.

औषध लागू पडलं की नाही, हे ठरवायचं तर प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःच्याच बऱ्या दिवसांशी करायची, असा नियम होता. ज्याला आधी दोनदा जावं लागायचं, तो परत दोनवर आला की त्या बाबतीत बरा. म्हणजे तो आजाराआधीचा आकडा हा सगळ्या हिशेबाचा पाया. आणि इथं पायाच असा गुळगुळीत की कुणालाही संशय यावा.

“मी प्रत्येकाला विचारलंय,” सिस्टर म्हणाल्या. “समोर बसवून.”

“आणि प्रत्येकानं एकच सांगितलं?”

“हो.”

“दुसऱ्या केंद्रांत दोन आहेत, तीन आहेत, दिवसाआड जाणारेही आहेत. माणसं काही साच्यातून निघत नाहीत, नाही का?” तपासनीसानं फाइल हलक्या हातानं मिटली. “उद्या सकाळी बोलू. तोवर आठवून बघा. आभारी आहे.”

 आठवून बघा म्हणजे काय, ते न कळण्याइतक्या सिस्टर भोळ्या नव्हत्या. तुम्ही कुणाला विचारलंच नाही, घरी जायची घाई होती म्हणून बसल्या बैठकीला एक-एक लिहून मोकळ्या झालात, असं त्याचं म्हणणं होतं. आणि त्याच्या जागी त्या असत्या तर त्याही तेच म्हणाल्या असत्या.

मोठ्या डॉक्टरांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. डॉक्टरांचा आवाज एरवी वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाई. आज तो टेबलाच्या अलीकडेच संपत होता.

“कंपनीचा फोन होता. आपलं केंद्र बाद झालं तर त्यांचं गणित कोसळतं. आपल्याकडे सगळ्यांत जास्त पेशंट ना! आपण गेलो की औषधात आणि मिठाच्या पाण्यात पुरेसा फरकच उरत नाही.”

“मग?”

“मग काय? मंजुरी नाही. पुन्हा चाचणी करण्याची त्या कंपनीची ऐपत नाही, एवढं एकच औषध आहे त्यांच्याकडे. दुकान बंद.”

“आणि ज्यांना आत्ता चालू आहे, त्यांचं काय?”

डॉक्टर समोरचे कागद सारखे करू लागले. चाचणी संपल्यावरही, मंजुरी येईपर्यंत, सगळ्या पेशंटना खरं औषध देत राहायचं असं ठरलेलं होतं. मंजुरीच नाही म्हटल्यावर पुढचं सांगायला डॉक्टर कशाला हवे होते?

“उद्या एवढंच सांगा, की विचारलं आणि त्यांनी सांगितलं,” डॉक्टर म्हणाले. “त्यापुढे एक अक्षर नको. तुमची सवय मला माहीत आहे.”

सिस्टर बाहेर आल्या तर इंजेक्शनच्या खोलीत बसवाली येऊन बसली होती. ती शहरातली बस चालवायची, म्हणून सगळे तिला बसवालीच म्हणत. शाळेत असल्यापासून तिला हे दुखणं. मोठ्या हौसेनं बस चालवायला शिकली, आणि दुखणं वाढलं तशी तिला बसवरून काढून तिकिटाच्या खिडकीत बसवलं. भरलेली बस रस्त्यात उभी करून ड्रायव्हर पळत सुटला तर कसं चालेल? या औषधानंतर ती पुन्हा स्टिअरिंगवर बसली होती. शेजारी तिची आई होती. आईशिवाय ती इथं कधी आलीच नव्हती.

“काय सिस्टर, चेहरा का असा?” बसवाली बाही वर करत म्हणाली. “साहेब तिकीट तपासायला आलेत म्हणे. काढलंय ना तिकीट?”

“तू गप्प बस आणि हात सैल सोड,” सिस्टर म्हणाल्या.  त्यांनी सुई टोचली आणि कापसाचा बोळा दाबून धरला.

संध्याकाळी घरी टेबलाभोवती तिघं होती. सिस्टर, त्यांचे यजमान आणि सून. मुलगा कामासाठी परगावी असायचा. यजमान घड्याळं दुरुस्त करायचे आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच आधी हसायचे. चहाचा पहिला घोट घेऊन सिस्टरनी दिवसभर घशात अडकलेलं बोलून टाकलं. आणि मग, काहीतरी सुचावं म्हणून, सहज विचारलं,

“अहो, तुमचंच सांगा. दिवसातून किती वेळा?”

“माझं?” यजमान ताठ बसले. “एकदा. घड्याळासारखा.”

“आणि तुझं गं?”

सुनेला ठसका लागला. तिनं कप खाली ठेवला, तोंड पुसलं आणि कपाकडेच बघत म्हणाली, “एकदाच, आई.”

“बघा!” यजमान म्हणाले. “सगळं जग एकदाच जातं. उगीच त्या साहेबाचं मनावर घेताय.”

पण सिस्टरचा कप हवेतच राहिला होता. नवरा खोटं बोलत होता. मुलगा कर्ता झाला इतकी वर्षं त्या या माणसाबरोबर एका घरात राहत होत्या. सकाळी उठल्यावर एकदा, चहानंतर एकदा, आणि बाहेर पडताना चपला घातल्यावर हटकून एकदा, असा त्यांचा रिवाज होता, आणि लग्नाकार्याला घरातलं सगळं माणूस दारात ताटकळायचं ते त्या शेवटच्या फेरीसाठी. असं असताना हा मनुष्य घड्याळाची शपथ घेत होता. का? तर समोर सून बसली होती म्हणून.

त्या कप विसळायला उठल्या. पाठोपाठ सून आली. नळ सोडून, त्या आवाजाच्या आडोशानं तिनं विचारलं, “आई, ते खरंच कुठं लिहायचंय का?”

“नाही गं.”

“मग सांगते. तीनदा. लहानपणापासून. बाबांच्या समोर कसं सांगणार?”

सिस्टरनी नळ बंद केला. त्यांच्या डोळ्यांसमोर दवाखान्यातली ती खोली उभी राहिली. टीचभर खोली, हवा यावी म्हणून दार सताड उघडं, बाहेर बाकावर पुढचे पेशंट. आणि आत पेशंटबरोबर नेहमी कुणीतरी. नवरा, सासू, आई, जावई. त्यांच्यासाठी जादा खुर्च्या सिस्टरनीच आणून ठेवल्या होत्या, भांडून, स्टोअरमधून. आजारी माणसाला एकटं बसवू नये, असं त्यांचं मत होतं, आणि त्या मताचा त्यांना अभिमान होता. मग त्या मायेनं, मोठ्या आवाजात, सासूच्या देखत सुनेला आणि जावयाच्या देखत सासऱ्याला विचारायच्या, ‘बरे होतात तेव्हा किती वेळा जायचात?’

आकडा खोटा त्यांनी लिहिला नव्हता. पण आकडा खोटा होता. 

सकाळी त्यांनी हे डॉक्टरांना सांगितलं तेव्हा डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. “हे बोलायचं नाही. अजिबात नाही. आत्तापर्यंत संशय होता, तुम्ही पुरावा देताय.”

“संशयात आपण खोटारडे ठरतो, डॉक्टर.”

“आणि यात बावळट!”

“बावळट चालेल,” सिस्टर म्हणाल्या, आणि तपासनीस बसला होता त्या खोलीत शिरल्या. डॉक्टर मागोमाग आले, कारण न येणं त्याहून भीतीचं होतं.

तपासनीसानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. शेजारी त्याची तरुण सहायिका भराभर लिहीत होती. ऐकून झाल्यावर तो म्हणाला, “गोष्ट चांगली आहे, सिस्टर. पण सोयीची आहे. आकडा खोटाच लहान सांगितला, म्हणजे आजार आहे त्यापेक्षा मोठा दिसतो. ज्यांना चाचणीत घ्यायलाच नको होतं, असे सौम्य पेशंट त्यामुळे आत येतात. तुमची संख्या वाढते. कंपनी खूश. हे तुमच्या लक्षात आलं नसेल, असं मी समजू?”

हे खरोखरच त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.  पण मग त्यांना राग आला, आणि राग आला की सिस्टरना बोलायला शब्द शोधावे लागत नसत.

“मग उलटंही धरा की साहेब. ज्याचं खरं दोन, त्याचं मी एक लिहिलं. औषधानं तो बिचारा दोनवर आला, पूर्ण बरा झाला, तरी तुमच्या हिशेबात बरा नाहीच. कंपनी यानं खूश होईल?” त्यांनी दम घेतला. “आणि माणसं अशी खोटं बोलत नाहीत म्हणता, तर तुम्हीच सांगा. तुमचं किती?”

“माझं काय?”

“दिवसातून किती वेळा?”

 सहायिकेचं पेन थांबलं. डॉक्टर खिडकीबाहेरच्या भिंतीकडे फार लक्ष देऊन बघू लागले.

“एकदा,” तपासनीस म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. “आणि मी इथं तपासायला आलोय, तपासून घ्यायला नाही. आभारी आहे. आपण थोड्या वेळानं भेटू.”

तो थोडा वेळ फार वाईट गेला.  सिस्टरनी औषधाच्या फ्रिजचं तापमान गरज नसताना पुन्हा पुन्हा पाहिलं. आत पांढऱ्या खोक्यांत इंजेक्शनं शिस्तीत मांडलेली होती. मंजुरी नाकारली गेली तर एक दिवस गाडी येणार आणि ही खोकी परत नेणार. बसवालीला ते कुणी सांगायचं? त्यांनाच सांगावं लागलं असतं.

मागून दार लागल्याचा आवाज आला. तपासनीस एकटाच आत आला होता. त्यानं कडी लागली आहे ना ते चाचपून पाहिलं.

“सिस्टर,” तो म्हणाला. “तीनदा. कधीकधी चार.”

सिस्टरनी फ्रिजचं दार लावलं.

“याची नोंद करू नका.”

“नाही करत, साहेब.”

त्यानं घसा खाकरला आणि पुन्हा तपासनीस झाला. जुन्या आकड्यांना कुणी हात लावायचा नाही. सगळ्या पेशंटना बोलवायचं आणि तोच प्रश्न पुन्हा विचारायचा, प्रत्येकाला एकटं, दार बंद करून. विचारणार त्याची सहायिका. नवे आकडे जुन्यांच्या शेजारी मांडायचे आणि दोन्ही खात्यापुढे जाणार. मग खात्याला काय पटेल ते पटेल. सिस्टरनी त्या खोलीच्या आसपासही फिरकायचं नाही. “आणि तुम्ही काल जे म्हणालात, की प्रत्येकाला विचारलं आणि प्रत्येकानं सांगितलं, त्या शब्दावर मी हे करतोय. त्यात फट निघाली तर माझा नाइलाज आहे.”

“नाही निघणार,” सिस्टर म्हणाल्या.

पेशंट येऊ लागले. सिस्टर व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला, नातेवाइकांच्या घोळक्यात उभ्या. मिटलेल्या दाराची एवढी धास्ती त्यांना ऑपरेशनच्या वेळीही वाटली नव्हती. नातेवाईक तर फुरंगटलेच होते. इतकी वर्षं उशाशी बसलो, आणि आज आम्ही बाहेर? एका सासूबाईंनी दाराला कान लावायचा प्रयत्न केला, तेव्हा सिस्टरनी त्यांना लांबूनच दटावून बाकावर बसवलं. आत गेलेला प्रत्येक माणूस बाहेर येताना खाली बघत येत होता, आणि सिस्टरना वाटलं, आकडे बदलताहेत.

शेवटी बसवाली आत गेली. तिला वेळ लागला. तिची आई पदर कुरतडत म्हणाली, “मला न सांगण्यासारखं असं काय आहे हो तिचं?” सिस्टरनी तिच्या हातातून पदर सोडवला.

बसवाली बाहेर आली ती डोळे पुसत. तिनं आईला पाणी आणायला पाठवलं आणि सिस्टरना बाजूला घेतलं.

“मी सांगितलं, मला आठवत नाही. शाळेत होते हो मी. तेव्हा कोण मोजतं? आजाराआधीचं मला काही म्हणजे काही आठवत नाही, सिस्टर. हेच माझं आयुष्य होतं.”

“पण तेव्हा तू मला एक सांगितलंस.”

“मी कुठं? आई म्हणाली. मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, ‘एक, चारचौघांसारखी.’ तुम्ही हसलात आणि लिहिलंत.”

सिस्टरना ते हसणंसुद्धा आठवलं. त्या भिंतीला टेकल्या. हीच ती फट. तपासनीसाला त्यांनी छातीठोक सांगितलं होतं, की प्रत्येकानं स्वतः सांगितलं. सहायिकेच्या कागदावर फक्त ‘आठवत नाही’ एवढंच असेल. मागचं त्यांनी पोटात ठेवलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता. आणि बोलल्या तर बाकी सगळ्यांचं खरं बोलणंही याच्याबरोबर वाहून जाणार होतं, औषधही, आणि त्याच्यासोबत ही समोर उभी असलेली पोरगीसुद्धा.

“सिस्टर, माझ्यामुळे काही बिघडलं का?” बसवालीनं विचारलं.

“तुझ्यामुळे नाही,” सिस्टर म्हणाल्या आणि गेल्या. जाताना त्यांना रडू येत होतं, आणि ते त्यांनी येऊ दिलं.

तपासनीस सामान आवरत होता. त्यांनी उभ्यानंच सांगितलं, एका दमात. त्यानं बॅगेत ठेवलेला कागद पुन्हा बाहेर काढला.

“आणखी कुणाचं असं?”

“बाकीचे स्वतः बोलले. हे मी शपथेवर सांगते. पण त्या दिवशीही मी शपथेवरच बोलले असते, तेव्हा तुम्ही काय ते ठरवा.”

“तुमच्याविरुद्ध लिहावं लागेल, सिस्टर.”

“लिहा.”

त्यानं लिहिलं. या वेळी तो आभार मानायला विसरला.

त्यानंतरचे महिने कसे गेले ते सिस्टरच्या यजमानांना विचारा. त्यांनी त्या काळात एकही विनोद केला नाही. दर वेळी फोन वाजला की डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठत. खात्यानं प्रश्न पाठवले, कंपनीनं उत्तरं दिली, पुन्हा प्रश्न आले. नव्या आकड्यांनी काही पेशंट सौम्य ठरून गळाले. पण बरे न झालेल्यांत मोजलेले काही जण खरे तर बरे झालेले निघाले, आणि गणित कसंबसं पण उभं राहिलं. बसवालीचं नाव कुठल्याच बाजूला धरलं गेलं नाही. अहवालात केंद्र राहिलं आणि सिस्टरवर ताशेरे आले: पेशंटचे आकडे नातेवाइकांसमोर घेतले, एक आकडा आईच्या तोंडचा लिहिला. चाचण्यांचं काम त्यांच्याकडून काढून घेतलं. त्या परत वॉर्डात गेल्या. त्यांना वाईट वाटलं, फार वाटलं; वाटलं नाही असं सांगण्यात अर्थ नाही.

आणि औषध मंजूर झालं.

ती बातमी आली त्याच आठवड्यात सिस्टर ड्यूटी संपवून थांब्यावर उभ्या होत्या. बस आली. पुढचं दार उघडलं, तर स्टिअरिंगवर बसवाली. बस खचाखच भरलेली. सिस्टर पायरीवर चढल्या, दांडी धरली, आणि बसवालीनं मागच्या गर्दीची काडीची पर्वा न करता खणखणीत आवाजात सांगितलं,

“सिस्टर! मोजलं मी! आता कळलं, माझं नॉर्मल दोन आहे! सकाळी एकदा, रात्री एकदा. आईला पण सांगितलं!”

पुढच्या सीटवरच्या बाईनं मान वर केली. कुणीतरी खुसकन हसलं. सिस्टरचा चेहरा कानशिलांपर्यंत तापला. त्यांनी भरलेल्या बसकडे एकदा पाहिलं, आणि तेवढ्याच मोठ्यानं म्हणाल्या,

“माझंही दोनच आहे गं. चल, सोड गाडी.”